काळी-पिवळी

मे महिन्यात नागपुरात लोकरीला हात लावणारी बाई मी सोडून दुसरी कोणी असेल असं वाटत नाही. बाहेर पंचेचाळीस अंश, रस्त्यावर चिटपाखरू नाही, कूलरच्या ताट्या ओल्या केल्या की लगेच कोरड्या, आणि मी मेरिनो मेंढीची लोकर मांडीवर घेऊन बसलेली. घामाने सुई बोटांतून सटकत होती. नवरा येता-जाता बघायचा आणि काही न बोलता पंख्याचा नंबर एकाने वाढवायचा. बोलला असता तर बरं झालं असतं.

हे सगळं भाचीमुळे. सुट्टीत आली आणि पिशवीतून एक लडी काढून माझ्यापुढे टाकली. "मावशी, याचं काहीतरी विण."

मी लडी उलगडली. हळकुंड उगाळल्यावर सहाणेवर उतरतो तसा पिवळा रंग. धागा कुठे शेवेसारखा बारीक, कुठे अंगठ्याएवढा जाड. मधेच काळ्या धाग्याची वेटोळी, स्प्रिंग दाबून बसवावी तशी एकावर एक चढलेली. मग वीतभर काही नाही. मग एक मणी. मग जिऱ्याएवढ्या चमकीचा पुंजका. माझ्या हातून आजवर लोकरीचे शेकडो गुंडे गेले असतील, पण असला धागा पाहिला नव्हता. मला आधी वाटलं, बिघडलेला माल आहे, पोरीच्या गळ्यात कोणीतरी मारला.

"बिघडलेला नाही गं. आर्ट यार्न आहे. मी स्वतः कातलंय. हफलपफ."

"कोण फफ?"

मग मला हॅरी पॉटरच्या शाळेतली चार घरं समजावून सांगण्यात आली. ग्रिफिंडॉर लाल-सोनेरी, स्लिदरिन हिरवं-चंदेरी, हफलपफ पिवळं-काळं. रेव्हनक्लॉ पुस्तकात निळं आणि कांस्य, पण सिनेमावाल्यांनी कांस्याचं चंदेरी करून टाकलं, आणि त्याबद्दल भाचीचा राग अजून गेलेला नाही. हिची एक मैत्रीण त्यावरून आठवडाभर बोलली नाही म्हणे. आवडत्या गोष्टीचे असे चाहते जमतात, त्या गोतावळ्याला फॅन्डम म्हणतात, आणि त्या गोष्टीचे रंग घेऊन, तिच्यातला एखादा प्रसंग मनात धरून ही मुलं लोकर रंगवतात, पिंजतात, काततात. हफलपफची पोरं कष्टाळू आणि निष्ठावान असतात, म्हणून हा धागा जाडजूड, मातकट, जमिनीशी धरून राहणारा. असं ती म्हणाली. मला तो धागा कष्टाळू वाटला नाही, आळशी वाटला. पण भाची आहे.

लडी अजून धुतलेली नव्हती. कातलेल्या लोकरीचा पीळ बसायला ती कोमट पाण्यात भिजवायची, न पिळता पाणी दाबून काढायचं, दोन-चारदा आपटायची आणि टांगून ठेवायची. आपलं धुण्याचंच काम. अडचण एवढीच, की मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी कोमट नसतं. त्यात चहा होतो. गरम पाण्यात लोकर चोळली गेली तर तिचा जेन, म्हणजे दाबून घट्ट झालेला लगदा होतो, मग धागा कसला आणि विणणं कसलं. शेवटी माठातलं पाणी मिसळून मिसळून, बाळाला आंघोळ घालावी तसं कोपराने तपासत, हफलपफला न्हाऊ घातलं आणि गच्चीच्या दोरीवर टांगलं.

कामाला येणाऱ्या बाईंनी ती दोरीवर बघितली आणि त्या थबकल्याच. "ताई, आतापासून मारबत करून राहिल्या का?"

नागपूरबाहेरच्यांना सांगायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या महाल-इतवारीच्या रस्त्यांतून मारबतींची मिरवणूक निघते. मोठाल्या बायकांचे पुतळे. काळी मारबत १८८१ पासून निघते, जागनाथ बुधवारीतली पिवळी १८८५ पासून. सोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे असतात, त्या त्या वर्षी ज्याचा राग आला असेल त्याचे. लोक ओरडत असतात, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत, खोकला घेऊन जा गे मारबत, आणि गर्दीतला प्रत्येक जण मनातली एकेक कटकट तिच्या पदरात टाकत असतो. मग तिला नेऊन जाळतात. तर काळा आणि पिवळा म्हटलं की नागपूरकराला आधी हे आठवतं. संध्याकाळी पुतण्या आला, तो म्हणाला, "काकू, काळी-पिवळीचं काय करून राहिली?" त्याला गावाकडे जाणारी, मागे चार आणि टपावर दोन माणसं जास्तीची बसवणारी जीप आठवली होती.

एका लडीचे घरातल्या घरात तीन अर्थ झाले. भाचीला हे फार आवडलं. मला तिचं कौतुक वाटलं, कारण माझ्या धाग्याला कोणी जीप म्हटलं असतं तर मी चिडले असते.

फॅन्डम हा शब्द नवा असेल, पण आम्ही वेगळं काय करत होतो? बसमध्ये पुढच्या सीटवरच्या बाईच्या स्वेटरची पाठ बघत आम्ही मनात टाके मोजत जायचो. दोन सुलट, एक उलट, मग सुई टाके ओलांडून पलीकडे, म्हणजे वेणी. पुढच्या स्टॉपवर ती उतरली की निम्मा नमुना गेला. माझी आई तर एकदा नमुना पुरा होईना म्हणून दोन स्टॉप पुढे गेली होती आणि उन्हातून चालत परत आली. त्या अनोळखी पाठीवरचा नमुना पुढे आमच्या घरातल्या तीन बाळंतविड्यांत आला.

भाचीने मला एक गोष्ट सांगितली, ती मात्र मी आयुष्यभर विसरणार नाही. बीबीसीच्या 'डॉक्टर हू' मालिकेत १९७४ साली टॉम बेकर हा नट नवा डॉक्टर म्हणून आला. त्याच्यासाठी मफलर हवा होता. वेशभूषाकाराने निरनिराळ्या रंगांची पुष्कळ लोकर एका विणणाऱ्या बाईकडे दिली. किती लांब विणायचं हे नीट सांगायचं राहिलं. बाईने दिलेली सगळीच्या सगळी लोकर विणून टाकली. मफलर नटापेक्षा कितीतरी लांब झाला, तरी तोच वापरला, आणि अजून जगभरचे लोक कोणत्या रंगाच्या किती ओळी आहेत ते मोजून मोजून तसाच विणतात. त्या बाईला मी पूर्ण ओळखते. लोकर दिली आहे म्हणजे ती संपवायची. परत कशी करणार? उरली तर ठेवणार कुठे?

खरा प्रश्न माझ्यापुढे वेगळा होता. माझे वडील वर्ध्याकडचे, शाळामास्तर. रोज पहाटे पेटी चरखा उघडायचे. १२ फेब्रुवारीला पवनारला गांधीजींच्या आठवणीत सूतांजली, म्हणजे हातच्या सुताची आदरांजली वाहायला एक गुंडी स्वतःच्या हातची असायची, सहाशे चाळीस तारांची, आणि ती बाजूला ठेवण्याआधी ते तिच्यातला एखादा तार खिडकीच्या उजेडात धरून बघायचे. कुठे जाड झाला आहे का, कुठे कच्चा राहिला आहे का. 'समानता' हा शब्द मी नागरिकशास्त्रात नंतर शिकले. आधी तो सुताबद्दल ऐकला. आमच्या शाळेतही टकळीचा तास असे आणि माझं सूत पाहून बाबा म्हणत, "ही पावसाळ्यातली गांडुळं आहेत." भाचीची लडी पाहिली आणि पहिल्यांदा हेच वाक्य तोंडावर आलं.

आणि ही मुलगी तीच गांडुळं मुद्दाम काढते. त्यासाठी वर्गाला जाते, फी भरते.

तिने सांगितलं त्यावरून मला जे उमगलं ते असं. आत एक साधा पक्का दोरा ताणून धरायचा आणि त्याच्यावर आडवी, जवळजवळ काटकोनात लोकर सोडत जायची. चरखा फिरतो तशी ती दोऱ्याभोवती आपण होऊन गुंडाळते. वेटोळी हवी असतील तिथे दोन पदर एकत्र पिळताना एक पदर तसाच आडवा धरायचा आणि नखाने वर सरकवायचा. हे सगळं साध्या चरख्यात जात नाही, त्याला मोठ्या भोकाचा, पायाने चालवायचा चरखा लागतो. आधी तिने बाबांच्या पेटी चरख्यावर लोकर घेऊन पाहिली होती. तो कापसाचा. कापसाचा तंतू जेमतेम इंचभर, त्याला भरपूर पीळ हवा, म्हणून चाक एकदा फिरलं की चाती, म्हणजे पीळ देणारी बारीक सळई, गरागरा फिरते. लोकरीची तिथे तार झाली, भांडी घासता आली असती.

"पण मावशी, नवीन शिकताना सगळ्यांचंच सूत असं होतं," ती म्हणाली. "मग हात बसतो, आणि एकदा बसला की तसं ओबडधोबड काढता येत नाही. मला आता ते पुन्हा शिकावं लागलं."

मी त्या रात्री त्यावर बराच वेळ विचार करत पडले होते. (कूलरचा पंप बंद पडला होता, झोप येणार नव्हतीच.) बाबा समानतेसाठी जन्मभर झटले, कारण त्यांची शर्यत गिरणीशी होती. ती गिरणीसुद्धा लांब नव्हती. टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला याच गावात सुरू झाली, कापसाच्या मुलखात, कोळसा आणि रेल्वे जवळ बघून. तिच्या जागेवर आता मॉल उभा आहे आणि त्यात कोणी सूत काढत नाही. पण गिरण्यांनी एक काम करून ठेवलं, एकसारखा धागा इतका स्वस्त केला की हाताने तो काढण्यात आता काही मिरवण्यासारखं उरलं नाही. भाचीची कोणाशी शर्यतच नाही. यंत्राला जमत नाही तेवढंच ती करते. बाबांना हे पटलं असतं का? नसतंच पटलं. त्यांनी लडी उजेडात धरली असती, मणी दिसल्यावर चष्मा काढून पुसला असता आणि विचारलं असतं, "हे अंगावर काय घालणार?"

प्रश्न रास्त होता, कारण मलाही तेच कळेना.

चार नंबरच्या सुयांवर मी टाके घातले. तिसऱ्याच ओळीत पहिलं काळं वेटोळं आलं आणि टाक्यातून पलीकडे जाईना. ओढलं तर धागा आतल्या दोऱ्यावरून सरकला आणि खाली नुसता पांढरा दोरा उघडा पडला, कोंबडीची मान सोलल्यासारखा. उसवलं. साधी लोकर उसवताना सरसर येते. ही येत नाही. तिचे केस एकमेकांत गुंततात, मणी निखळून सोफ्याखाली जातात, आणि कूलरच्या झोताने सुटलेले पिवळे तंतू वरणभातावर येऊन बसतात. मग क्रोशा घेतला. मुका खांब घालत गेले, दिसत छान होतं, पण क्रोशाला लोकर जास्त लागते आणि लडी सगळी मिळून पन्नास मीटर. तळहाताएवढा तुकडा झाला आणि गुंडा निम्म्यावर आला. पुन्हा उसवलं.

शेवटी भाचीने बारा मिलिमीटरच्या सुया मागवल्या. लाटण्याच्या धाकट्या बहिणी. वीस टाके, एवढंच. आणि विणताना माझ्या लक्षात आलं, की जाड गाठी आणि वेटोळी सगळी मागच्या बाजूला जाऊन बसतात. सुलट बाजू गुळगुळीत, बावळट. उलट बाजूवर मात्र सगळी मजा, फुगवटे, वेटोळी, चमकी. चाळीस वर्षं मी सुलट बाजू वर ठेवून विणत आले. उलट बाजू ही गाठी लपवायची जागा, असं आईने शिकवलेलं. तर इथे उलटीलाच सुलट मानायचं ठरलं. लडी पुरेना, म्हणून दोन्ही टोकांना कपाटातल्या उरलेल्या साध्या काळ्या लोकरीच्या पट्ट्या विणल्या. ती लोकर बाबांच्या शेवटच्या स्वेटरची. नऊ-दहा ओळींत तीही संपली. मग टाके बंद केले. वीतभर रुंद, गळ्याभोवती एकदा फिरून पुढे गाठ मारता येईल एवढा मफलर झाला. मे महिन्यात तो कागदात गुंडाळून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवून दिला.

डिसेंबरात तो बाहेर निघाला. आमच्याकडे थंडी पडली की पडते, २०१८ च्या डिसेंबरात पारा ३.५ अंशांवर गेला होता. यंदा एवढी नव्हती, पण भाचीला खोकला झाला होता. कामाच्या बाईंनी तिच्या गळ्यातला मफलर ओळखला. बोटाने एक काळं वेटोळं दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "खोकला घेऊन जा गे मारबत." भाची खोकत खोकत हसली.

त्याच सकाळी आम्ही तर्री-पोहे खायला गेलो. ठेल्यावर गर्दी, वाफ, कांद्याचा वास. पोहेवाल्या काकांनी प्लेट देताना तिच्या गळ्याकडे पाहिलं.

"ताई, मफलर उलटा झाला वाटते तुमचा."

"सुलटाच आहे काका. तर्री जास्त टाका."

काकांनी पळी भरून टाकली. प्लेट तोंडाशी नेताना तिला खोकल्याची उबळ आली आणि लालभडक तर्री त्या पिवळ्यावर पार दुसऱ्या मण्यापर्यंत ओघळली. तेलकट, चकचकीत, उन्हात सोन्यासारखी कड आलेली.

दोघी बघत राहिलो.

"अगं," मी म्हटलं, "ग्रिफिंडॉर झालीस."