संक्रांत ते पाडवा : आमची वाटचाल

वहीत आमचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, बागेत मात्र संक्रांतीनंतर. किंक्रांतीला नवं काम काढू नये म्हणतात, म्हणून तो एक दिवस तिळगुळात घालवायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला कटर, खुरपी, घमेली टेम्पोत चढतात, आणि मग पाडव्यापर्यंत घरच्यांनी आमची वाट पाहायची नाही.

२००९ साली कोथरूडमध्ये लोकांच्या बागा सांभाळायचं हे काम सुरू केलं तेव्हा टेम्पो कुठला! जुनी स्कूटर होती, पायाशी खताचं पोतं. वडील आयुष्यभर बंगल्यांवर माळीकाम करत आलेले. मुलगा बी.कॉम. होऊन पुन्हा मातीतच हात घालणार म्हटल्यावर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "मग आधी मोगरा छाटायला शीक."

मोगऱ्याचं गणित वरवर सोपं आहे. थंडीत झाड झोपलेलं असतं. जानेवारीच्या मध्यावर पाणी तोडत आणायचं. कुंडीतल्या झाडाला अगदी कोरडं ठेवायचं नाही, पण पानं मलूल दिसली तरी झारी उचलायची नाही. यालाच ताण देणं म्हणतात. महिनाअखेरीस उरलेली पानं ओरबाडून काढायची, फांद्या निम्म्यापर्यंत छाटायच्या, वरची दोन-तीन इंच माती उकरून कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालायची, आणि मग भरपूर पाणी. दहा-पंधरा दिवसांत काडीवरचे डोळे, म्हणजे नवी फूट येण्याच्या जागा, फुगतात. मोगऱ्याला कळ्या नव्या फुटीच्या टोकाला येतात, जुन्या काडीवर नाही. म्हणून जो छाटायला भितो त्याला उन्हाळ्यात नुसता पाला मिळतो.

गिऱ्हाइकाला हे पटवणं हाच आमचा खरा धंदा. फेब्रुवारीत पुण्यातल्या बागा हंगामी फुलांनी भरलेल्या असतात, एम्प्रेस गार्डनचं प्रदर्शन नुकतंच पाहून झालेलं असतं, आणि नेमके तेव्हा आम्ही कटर घेऊन दारात उभे. पहिली मोठी सोसायटी मिळाली तिथे मोगरा, जास्वंद, कढीपत्ता सगळं एका दिवसात उतरवलं. संध्याकाळी सोसायटीच्या अध्यक्षबाई खाली आल्या. "अहो, हे काय! टक्कल केलंत की बागेचं!" बिल अडकलं. मार्चच्या मध्यावर ते काही न बोलता चुकतं झालं. पुढच्या वर्षी संक्रांतीचा फोन आला तो तिळगुळाचा नव्हता, "टक्कल कधी करताय?" असा होता. आमच्यात अजूनही त्या कामाला टक्कलच म्हणतात.

सगळंच असं जमलं नाही. तिसऱ्या वर्षी स्वस्तात मिळालं म्हणून शेणखताची एक ट्रॉली घेतली. वरून काळंभोर, आतून मात्र कच्चं. हाताला ऊब लागत होती, वासही येत होता, तरी घाईत दोनशे कुंड्या भरल्या. कच्चं खत कुंडीत तापतं आणि मुळं भाजतात. त्यात ट्रॉलीबरोबर पांढऱ्या जाड अळ्याही आल्या होत्या, करंगळीएवढ्या, सी आकारात वळलेल्या. साठ-सत्तर झाडं गेली. ती स्वखर्चाने बदलून दिली, त्या वर्षी नफा शून्य. तेव्हापासून खत दिवाळीआधी आणतो, आमच्याच जागेत ढीग लावून तीन महिने ठेवतो, आणि मुठीत घेतल्यावर भुसभुशीत, थंड आणि पावसाच्या मातीसारख्या वासाचं लागलं तरच कुंडीत जातं.

उरुळी कांचनजवळ छोटी जागा भाड्याने घेतली आणि स्वतःची रोपवाटिकाही सुरू केली. माघात चाफा पानं झाडून उभा असतो, तेव्हा त्याच्या फांद्या कापायच्या. चीक वाळेपर्यंत आठवडाभर सावलीत ठेवायच्या आणि मग लावायच्या. शेवंतीची फुलं संपली की झाड खाली कापून मुनवे, म्हणजे बुडाशी येणारे कोंब, जपायचे. दोन्हींत भांडवल जवळजवळ नाही, मेहनत तेवढी आहे.

२०२० साली पाडव्यासाठी मोगऱ्याच्या चारशे कुंड्या तयार केल्या होत्या. पाडवा २५ मार्चला, आणि त्याच दिवसापासून देश बंद. कळ्या काही थांबणाऱ्या नव्हत्या. रोपवाटिकेवरच्या काकांनी एकट्याने पाणी घातलं आणि रोज संध्याकाळी परडीभर फुलांचा फोटो मला पाठवला. तो फोटो मी गिऱ्हाइकांना पुढे पाठवत राहिलो, दुसरं करणार काय! जूनमध्ये लोक बाहेर पडले तेव्हा घरी बसून बसून सगळ्यांना माती हवी झाली होती. कुंड्या विकल्या गेल्या, वर वांगी-टोमॅटोच्या पिशव्यांच्या ऑर्डरी आल्या. आजची आमची सहा माणसं त्याच वर्षाच्या जोरावर उभी आहेत.

अलीकडे वेळापत्रकच हलू लागलंय. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशातलं सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या कुठल्याही फेब्रुवारीपेक्षा जास्त होतं. त्या महिन्याच्या शेवटी आम्ही कुंड्या बदलत बसलो होतो, आणि नव्या मातीत मुळं धरायच्या आत झाडांनी माना टाकल्या. आता कुंड्या बदलायचं काम पंधरा फेब्रुवारीच्या आत संपवतो आणि सावलीची हिरवी जाळी होळीची वाट न पाहता आधीच बांधतो. भेंडी, गवार, दुधीचं बी मात्र रात्रीचा गारवा ओसरल्यावरच टाकतो. त्यात घाई केली की बी कुजतं.

वडील आता कामावर येत नाहीत. पण छाटलेल्या मोगऱ्याची एक कुंडी दरवर्षी घरी नेऊन दाखवावी लागते. यंदा त्यांनी कुंडी फिरवून सगळ्या बाजूंनी पाहिली आणि माझ्याकडे कटर मागितला. दोन काड्या अजून लांब राहिल्या होत्या.