गळाचा उलटा काटा

गळ माझ्या अंगठ्यात शिरला तेव्हा त्याच लूरला, म्हणजे गळ लावलेल्या खोट्या आमिषाला, मासाही लटकलेला होता, आणि तो जिवंत होता. लूरला तीन टोकांचा गळ होता. त्यातले एक टोक माशाच्या जबड्यात रुतले होते आणि ते सोडवण्यासाठी पक्कड काढण्याचा कंटाळा करून मी बोटांनीच खटपट करत होतो. तेवढ्यात माशाने शेपटीचा एक फटकारा मारला आणि मोकळे असलेले दुसरे टोक माझ्या डाव्या अंगठ्याच्या मांसल भागात पार वाकापर्यंत गेले. पक्कड पिशवीत, पिशवी चार पावलांवर, आणि माशाच्या प्रत्येक हिसक्यासरशी अंगठ्यातून कळ खांद्यापर्यंत जात होती. त्या दुखण्याहूनही मला आठवतो तो हात झटकन मागे ओढून घेण्याचा अनावर मोह, आणि नेमके तेच करायचे नसते.

गळाच्या टोकाच्या किंचित मागे धातूचाच एक बारीक उलटा काटा काढलेला असतो. आत जाताना तो टोकामागून निमूट जातो, पण बाहेर ओढू लागताच मांसात पाय रोवतो. माशाच्या जबड्यासाठी केलेली ही सोय माणसाच्या बोटाशीही तितक्याच इमानाने वागते. म्हणून गळ लागल्यावर आधी पाहायचे ते एवढेच की, उलटा काटा कातडीच्या वर राहिला आहे की खाली गेला आहे. वर असेल तर गळ आला त्याच वाटेने सावकाश निघतो. खाली गेला असेल तर मात्र प्रत्येक हिसका जखम फाडत जातो.

माझ्यासोबत असलेल्या मित्राने त्या वेळी जे केले ते क्रमाने योग्यच होते, हे मला नंतर कळले. त्याने ओल्या फडक्याने मासा घट्ट धरला, तंगूस, म्हणजे गळाची दोरी, कापून रॉडचा ताण मोडला, मग पकडीने माशाच्या जबड्यातले टोक सोडवले आणि उरलेल्या मोकळ्या टोकांवर चिकटपट्टी गुंडाळली. हे शेवटचे काम बहुतेक जण विसरतात आणि मदत करणाऱ्याच्याच हाताला दुसरा गळ लागतो. बोटात अंगठी असेल तर सूज येण्यापूर्वीच ती काढून ठेवावी.

गळ काढण्याची एक पद्धत अनुभवी मंडळी पाण्याकाठीच वापरतात. गळाच्या वाकात मजबूत दोरीचा फास अडकवायचा, गळाची दांडी नेढ्याच्या बाजूने कातडीकडे दाबून धरायची, म्हणजे उलटा काटा आतल्या मांसातून सुटतो, आणि तो दाब तसाच ठेवून कातडीला समांतर असा एकच जोरकस झटका द्यायचा. गळ गोळीसारखा सुटतो, म्हणून त्याच्या वाटेत कोणाचेही तोंड असता कामा नये. ही पद्धत एकेरी गळासाठी आणि शरीराच्या स्थिर भागासाठी आहे. कानाच्या पाळीसारख्या हलत्या भागावर ती चालत नाही, आणि हात कचरणाऱ्याने ती करूच नये, कारण अर्धवट झटका हा न दिलेल्या झटक्यापेक्षा वाईट.

आम्ही दोघेही कचरलो आणि डॉक्टरांकडे गेलो, याचे मला आजही वाईट वाटत नाही. त्यांनी अंगठा बधिर केला, गळ मागे न ओढता पुढेच ढकलला, आणि टोक उलट्या काट्यासकट कातडीतून दुसरीकडे बाहेर आल्यावर ते कटरने कापून उरलेली दांडी मागच्या वाटेने अलगद काढून घेतली. कापण्याआधी त्यांनी टोकावर कापसाचा बोळा धरला होता, कारण तो तुकडा कुठेही उडू शकतो.

गळ डोळ्यात किंवा पापणीत लागला तर मात्र हातच लावायचा नाही. दाबायचे नाही, धुवायचे नाही, पट्टी आवळायची नाही. डोळ्यावर दाब येणार नाही अशा बेताने कागदी पेला उपडा बसवून तो कडेने चिकटवायचा आणि थेट रुग्णालय गाठायचे. शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता असते, म्हणून वाटेत काही खायला-प्यायला देऊ नये. मान, जांघ, सांधा, किंवा बोट वाकेनासे झाले असेल अशी जखम, इथेही घरगुती कौशल्य दाखवू नये.

गळ निघाला की जखम साबणाने आणि भरपूर स्वच्छ पाण्याने धुवायची. धनुर्वाताच्या लशीचा शेवटचा डोस घेऊन 5 वर्षांहून अधिक काळ झाला असेल तर तो पुन्हा घ्यावा लागतो, कारण आमिष, चिखल आणि माशाचा बुळबुळीतपणा लागलेल्या गळाची जखम स्वच्छ जखमांत मोडत नाही. समुद्राच्या कोमट किंवा मचूळ पाण्यात व्हिब्रिओ आणि गोड्या पाण्यात एरोमोनास हे जिवाणू असतात. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांना त्यांचा त्रास गंभीर होऊ शकतो, तेव्हा अशांनी जखम लहान दिसली तरी डॉक्टरांना दाखवावी. लाली पसरत चालली, ताप आला, किंवा जखमेच्या मानाने वेदना फारच जास्त वाटली, तर सकाळची वाट पाहू नये.

गळ फेकताना मागे वळून पाहण्याचा कंटाळा हेही अपघाताचे जुनेच कारण आहे. त्याहून फसवे असते ते खडकात अडकलेले लूर. ते सोडवण्यासाठी रॉड धनुष्यासारखा वाकवून ओढला की ते सुटते तेव्हा शिशाच्या वजनासकट सरळ तोंडावर येते. अशा वेळी रॉड खाली करून, तोंड फिरवून, जाड फडक्यात गुंडाळलेल्या तंगुसाने सावकाश ओढावे. चष्मा आणि रुंद काठाची टोपी ही उन्हासाठी असतात असा माझा समज होता, तो आता राहिलेला नाही.

पक्कड आता पिशवीत नसते, कमरेच्या पट्ट्याला दोरीने बांधलेली असते. नवा गळ विकत आणला की त्याचा उलटा काटा पकडीच्या जबड्यात धरून मी दाबून सपाट करतो आणि मग कापडावर ओढून पाहतो. धागा अडकला नाही तर काम झाले. तंगूस ताणलेला ठेवला तर मासे फारसे सुटत नाहीत, आणि लहान मासा परत पाण्यात सोडायचा असेल तर तोही लवकर मोकळा होतो. ज्या लूरने मला डॉक्टरांकडे नेले त्याचे एक टोक कापले गेले आहे, पण उरलेली दोन्ही टोके मी त्याच संध्याकाळी, डावा अंगठा पट्टीत असताना, उजव्या हाताने दाबून सपाट केली.