सात की साठ

चित्रपटगृहांतील ध्वनियंत्रणा बसवणे आणि दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय आहे आणि साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंतच्या पट्ट्यात मी त्यासाठी फिरत असतो. आमच्याकडे ‘डॉल्बी’ म्हणजे मिरवणुकीतील स्पीकरची भिंत, त्यामुळे माझे काम कळल्यावर लोक आधी कानांवर हात ठेवतात. ज्या कंपनीचे हे नाव, ती १९६५ मध्ये स्थापन झाली आणि तिची पहिली ओळख टेपवरील खरखर कमी करणारी कंपनी अशी होती, हे मी कोणाला पटवून देण्याचे आता सोडले आहे.

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी सांगलीतील एका जुन्या एकपडदा चित्रपटगृहाच्या व्यवस्थापकांचा सकाळीच फोन आला. “साहेब, तक्रारी दोन आहेत आणि दोन्ही एकमेकींच्या उलट आहेत. अर्धे म्हणतात आवाज कमी करा, कान दुखतात. अर्धे म्हणतात संवादच ऐकू येत नाहीत. पुरापासून हे असंच चाललंय बघा.” २०१९ च्या महापुरात तेथील पडद्यामागचे सबवूफर भिजले होते आणि तेव्हापासून त्या इमारतीत प्रोजेक्टरपासून पॉपकॉर्नच्या यंत्रापर्यंत काहीही बिघडले की दोष पुराकडे जातो. सबवूफर बदलून मात्र कधीच झाले आहेत.

बाराच्या खेळाला मी बूथमध्ये पोहोचलो, तेव्हा सभागृहाचा आवाज किती ठेवायचा ते ठरवणाऱ्या प्रोसेसरवरचा आकडा ५ होता आणि बटणावर चिकटपट्टी लावून ‘हात लावू नये’ असे लिहिलेले होते. हा आकडा ७ असायला हवा, आणि त्यात कोणाच्या आवडीनिवडीचा प्रश्न नसतो. ७ वर ठेवून पिंक नॉइज, म्हणजे सगळ्या कंप्रता एकदम असलेला चाचणीचा आवाज, सोडला की सभागृहात दोन-तृतीयांश मागे पडद्यामागील प्रत्येक वाहिनीचा (डाव्या, मधल्या, उजव्या स्पीकरचा) आवाज ८५ डेसिबल आणि सराउंडचा, म्हणजे भिंतींवरच्या स्पीकरचा, ८२ डेसिबल भरावा, असे आम्ही लावून देतो. चित्रपटाचे मिक्सिंग करणाराही याच पातळीवर ऐकत काम करतो, म्हणून त्याने ऐकले ते प्रेक्षकाला ऐकू येते. ४ च्या वर प्रत्येक पूर्ण आकड्याला ३.३ डेसिबल पडतात. ७ वरून ५ वर आलात, म्हणजे स्पीकरला जाणारी शक्ती साधारण पाचवा हिस्सा उरली. दणक्याची दृश्ये त्यातूनही निभावून जातात; कुजबुज मात्र वातानुकूलन यंत्राच्या घरघरीखाली बुडते. आपल्या भाषेतील स, श, च, त, ठ या व्यंजनांची धार वरच्या कंप्रतांत असते आणि सर्वांत आधी तीच हरवते. माझ्या पुढच्या रांगेतील आजोबा नातवाला विचारत होते, “सात म्हणाला का साठ?” नातवालाही कळले नव्हते.

ऑपरेटरला मी फार दोष देत नाही. डिजिटल आल्यापासून मालकांनी त्या जागेचा पगारही कमी केला आणि शिक्षणही बंद केले. हा मुलगा मध्यंतरात समोसे विकून वर येतो आणि खेळ सुरू करतो. जाहिराती आणि ट्रेलर कानठळ्या बसवतात म्हणून तो आवाज खाली घेतो, चित्रपट सुरू झाला की वर न्यायचे राहून जाते, आणि मग तोच आकडा रूढ होतो. थिएटरवाले आवाज पाडतात हे ठाऊक असल्यामुळे निर्माते मिक्सिंगमध्येच तो चढवून घेतात, आणि चढवलेला आहे म्हणून थिएटरवाले आणखी पाडतात. नाटकाची पंढरी म्हणवणाऱ्या या शहरातील प्रेक्षक शेवटच्या रांगेतून शब्द न् शब्द ऐकायला सरावलेले आहेत, आणि त्यांच्यासाठी मालकांनी अलीकडे पैसे खर्च केले ते रेक्लायनर खुर्च्यांवर.

मध्यंतरात मी दाराशी उभा असताना साठी ओलांडलेले एक गृहस्थ जवळ आले. माझ्या गळ्यातील आवाज मोजायचे मीटर पाहून त्यांनी मी कोण ते ओळखले असावे. ते मिरजेत तंबोरे बनवणारे कारागीर होते. “दादा, आवाज मोठा न्हाई,” ते म्हणाले, “फुटलाय. मधला. जवारी लई खुलली की तार जशी खरखरती, तसा बोलतोय. बाजूचे दोन चांगले हायत.” जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीचा तो घासलेला माथा, ज्यावरून तारेला गुंजन येते. मी अदबीने “बघतो, चाचा” म्हणालो आणि मनातल्या मनात ते बाजूला ठेवले. वीस वर्षे हे काम केल्यावर प्रेक्षकांचे निदान ऐकून घ्यायचे असते, मानायचे नसते, अशी एक मग्रुरी अंगात मुरते.

खेळ सुटल्यावर माझ्या हाती अर्धा तास होता. आकडा ७ वर आणला, पिंक नॉइज सोडला आणि मीटर घेऊन मागे बसलो. डावी ८५, मधली ८५, उजवी ८५. आलेखही जसा हवा तसा, २ किलोहर्ट्झपर्यंत सपाट आणि पुढे हळूहळू उतरणारा. यंत्रणा ठणठणीत आहे, मिक्सच वाईट आहे, असे सांगायला मी व्यवस्थापकांच्या खोलीकडे निघालोही होतो. पण ‘फुटलाय’ हा शब्द डोक्यातून जाईना. पिंक नॉइज पत्र्यावरच्या पावसासारखा असतो; त्यात आणखी थोडी खरखर मिसळली तर ना मीटरला कळते ना कानाला. म्हणून परत येऊन लॅपटॉपवरून मधल्या वाहिनीत एकच शुद्ध सूर सोडला आणि तो खालून वर सरकवत नेला. २ किलोहर्ट्झ ओलांडताच सुराला काटे फुटले. कागद लावलेल्या कंगव्यावर फुंकर मारावी, तसा तो आवाज होता.

मग मी त्या वाहिनीचे इक्वलायझरचे, म्हणजे कंप्रतांच्या पट्ट्या वर-खाली करण्याचे, पान उघडले. ४ किलोहर्ट्झची पट्टी ६ डेसिबल वर उचललेली होती. ती फेब्रुवारीत मीच उचलली होती.

तेव्हा गुरुवारची रात्र होती आणि दुसऱ्या दिवशी मोठा चित्रपट लागणार होता. मधल्या हॉर्नचा, म्हणजे उंच सूर देणाऱ्या कर्ण्याचा, वरचा आवाज कमी पडत होता, त्यातला थरथरून आवाज काढणारा पातळ पडदा, डायाफ्राम, सैल झाल्याची शंका मला आली होती आणि सुटा डायाफ्राम जवळ नव्हता. आलेख जुळेपर्यंत मी पट्टी उचलत गेलो, कागदावर ‘कॅलिब्रेशन पूर्ण’ लिहिले आणि पुढच्या फेरीत बदलू असे ठरवून निघालो. इक्वलायझर तीन डेसिबलपेक्षा जास्त उचलावा लागत असेल तर आधी स्पीकर उघडा, हे मी शिकाऊ मुलांना कित्येकदा सांगितले आहे. ६ डेसिबल म्हणजे त्या दुखऱ्या डायाफ्रामला त्या पट्टीत चौपट शक्ती. तो पाच महिने फाटत राहिला, फाटका आवाज लोकांना मोठा वाटला, मुलाने बटण खाली घेतले आणि संवाद गेले. दोन उलट्या तक्रारी एकाच जागेतून येत होत्या आणि दोन्ही खऱ्या होत्या.

यातील सर्वांत लाजिरवाणी गोष्ट म्हणजे नवा डायाफ्राम मार्चमध्येच आला होता आणि तेव्हापासून माझ्या गाडीच्या डिकीत पडून होता.

पडद्यामागे शिडी लावून, तोंडात बॅटरी धरून मी ड्रायव्हर, म्हणजे हॉर्नमागचा डायाफ्राम आणि चुंबक असलेला डबा, उतरवला. झाकण काढल्यावर दिसले की टायटॅनियमच्या पातळ घुमटाला कडेपासून केसाएवढी चीर गेली होती आणि त्याला हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा, व्हॉइस कॉइलचा, वार्निश एका बाजूने घासून काळा पडला होता. चुंबकाच्या फटीत त्याचा भुगा बसला होता. चिकटपट्टीची घडी घालून ती त्या फटीतून गोल फिरवायची आणि ती कोरी बाहेर येईपर्यंत नव्या पट्ट्या घेत राहायचे, याला घाई चालत नाही. मला नऊ पट्ट्या लागल्या. बाहेर सव्वातीनच्या खेळाची शिट्टी सुरू झाली होती. नवा डायाफ्राम बसवला, ४ किलोहर्ट्झची पट्टी शून्यावर आणली, सूर पुन्हा फिरवला. या वेळी तो खालपासून वरपर्यंत स्वच्छ गेला. मीटर याही वेळी ८५ च दाखवत होते.

खेळ वीस मिनिटे उशिरा, ७ वर सुरू झाला. ऑपरेटर मुलगा पहिली पंधरा मिनिटे दाराकडे पाहत तक्रारीची वाट बघत होता. कोणीच आले नाही तेव्हा त्याने चिकटपट्टी नखाने सोलून काढली. चाचा बाराचा खेळ पाहून मिरजेला निघून गेले होते. त्यांचे नाव विचारायचे मला सुचले नव्हते.

व्यवस्थापकांनी दुरुस्तीचा अहवाल पुढे केला. ‘बिघाडाचे कारण’ या रकान्यात मी ‘डायाफ्राम खराब’ एवढेच लिहिले. त्यांनी सही करताना विचारले, “पुरामुळेच ना?” मी मान हलवली, ती होकारार्थी होती की नकारार्थी हे त्यांनी विचारले नाही. फेब्रुवारीच्या अहवालाची प्रत अजून माझ्या बॅगेतच आहे.