आधी सांगा, गाळलेलं की न गाळलेलं?

पाण्याचे नमुने तपासणं हे माझं रोजचं काम. नदीच्या पाण्यात लोह किती, शिसं किती, असं कोणी विचारलं की माझा उलट प्रश्न ठरलेला: गाळलेल्या पाण्यात की न गाळलेल्या? समोरचा वैतागतो. वैतागू दे.

प्रयोगशाळेचा नियम साधा आहे. 0.45 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छिद्रं असलेल्या फिल्टरमधून खाली उतरेल ते विरघळलेलं, वर राहील तो गाळ. रेघ सोयीसाठी ओढलेली. लोहाचे अतिसूक्ष्म कण ती खुशाल ओलांडतात. नदी चढत असतानाचं पाणी गाळायला घ्या. पांढरा फिल्टर बघता बघता विटकरी होतो, मग पंप नुसता घरघरतो आणि थेंब पडायचं नाव नाही. बहुतेक धातू त्या विटकरी थरात असतो.

तो तिथे येतो कसा? पाऊस हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पडतो, त्यामुळे स्वच्छ पावसाचाही सामू (pH) साधारण 5.6, म्हणजे किंचित आम्लाकडे झुकलेला असतो. मातीत मुळं आणि जिवाणू आणखी भर घालतात. हे सौम्य आम्ल खडकातली खनिजं वर्षानुवर्षं कुरतडतं. सोडियम, कॅल्शियम लगेच सुटून पाण्याबरोबर निघून जातात. लोह आणि ॲल्युमिनियम मात्र हट्टी: ऑक्साइड होऊन जागीच बसतात. जांभा आणि बॉक्साइट त्यातूनच बनतात. लोहाच्या ऑक्साइडचा हा पातळ लेप मातीच्या कणांवर चढतो आणि तांबं, शिसं, आर्सेनिक यांना धरून ठेवतो.

म्हणजे विदारणाने, खडकाच्या या झिजण्याने, धातू मोकळा झाला तरी नदीपर्यंत पोचवते ती धूप. आणि धूप निवडक असते. जाड वाळू मागे राहते, बारीक चिकणमाती आधी निघते. धातू चिकटायला जागा तिच्यावरच जास्त. म्हणून वाहून आलेल्या गाळात मूळ मातीपेक्षा धातूंचं प्रमाण बऱ्याचदा जास्त भरतं. भूशास्त्रज्ञ रोनाल्ड गिब्ज यांनी 1973 मध्ये ॲमेझॉन आणि युकॉन नद्यांचा हिशेब मांडला, त्यातही लोह, तांबं, निकेल बहुतांशी कणांवर स्वार होऊनच जाताना दिसले.

सगळीकडे असंच चालतं असं नाही. खडकात पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज, असेल आणि त्याला हवा-पाणी लागलं तर सल्फ्युरिक आम्ल तयार होतं, मग हट्टी लोहसुद्धा विरघळतं. स्पेनमधल्या रिओ टिंटोचं तांबडं पाणी त्याचंच. अलास्काच्या ब्रुक्स पर्वतरांगेत गोठलेली जमीन वितळू लागल्यावर किमान 75 ओढे-नद्या नारिंगी झाल्याची नोंद 2024 मध्ये प्रसिद्ध झाली. मला ही बातमी नव्या कारखान्यांच्या बातम्यांपेक्षा जास्त अस्वस्थ करते. तिथे बंद करायला नळ नाही.

उलट टोक म्हणजे प्राणवायू संपलेला गाळ. तिथे लोहाचा लेपच विरघळतो आणि धरून ठेवलेलं आर्सेनिक सुटतं. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या त्रिभुज प्रदेशातल्या भूजलात ते आलं ते मुख्यतः याच वाटेने.

तेव्हा उन्हाळ्यातल्या नितळ पाण्याची एक बाटली आणून ‘नदीत धातू नाहीत’ असं मला सांगू नका. वर्षभराचा बराचसा गाळ पुराच्या मोजक्या दिवसांत जातो. नमुना तेव्हाही घ्या, आणि दोन बाटल्यांत घ्या. विरघळलेला धातू मोजायचा असेल त्या बाटलीतलं पाणी नदीकाठीच गाळा आणि मगच तिच्यात नायट्रिक आम्ल घाला. क्रम उलटा झाला तर आम्ल कणांवरचा धातू सोडवतं आणि आकडा फुगतो. दुसरी न गाळता तशीच आम्ल घालून आणा.