गळ्यापासून सुरू झालेली आमची वाटचाल

लहान मुलांचे कपडे शिवण्याचा आमचा व्यवसाय आज पाच शिवणयंत्रांवर चालत असला, तरी त्याची सुरुवात माझ्या बहिणीच्या तान्ह्या मुलीसाठी शिवलेल्या आणि तिच्या डोक्यातून खालीच न उतरलेल्या एका झबल्यापासून झाली. कापड मऊ होते, टीप सरळ आली होती, छातीचे आणि मुंढ्याचे, म्हणजे बाही जोडतात त्या जागेचे, माप मी दोनदा घेतले होते. डोक्याचे माप घ्यायचे मात्र मला सुचलेच नव्हते. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर असतो, छातीचा घेर त्याहून थोडा कमी असतो आणि दोन्ही बरोबरीला यायला सुमारे वर्ष जाते. मोठ्यांच्या कपड्यांवर हात बसलेल्या माणसाने छातीच्या बेताने गळा कापला, तर तो अडकणारच. त्या झबल्याचा एक खांदा उसवून मी तिथे टिचबटणे लावली, आणि तेव्हापासून आमच्या मापवहीत डोक्याच्या घेराचा रकाना सर्वांत वर असतो.

ओळखीतून मागण्या येऊ लागल्या आणि त्यांपाठोपाठ आमची सर्वांत मोठी चूकही झाली. एका पाळणाघरासाठी आम्ही सुती कापडाचे एकसारखे बारा फ्रॉक शिवून दिले, आणि पहिल्या धुण्यानंतर ते सगळे आखूड झाले. विणताना आणि नंतरच्या प्रक्रियेत ताणले गेलेले धागे पाण्यात सैल होऊन आखडतात, आणि मीटरभर सुती कापड तीन ते पाच सेंटिमीटर सहज कमी होऊ शकते, हे मला ऐकून ठाऊक होते. पण काम वेळेत देण्याच्या घाईत मी कापड पाण्यातून काढले नव्हते. बाराही फ्रॉक आम्ही नव्याने शिवून दिले. आता कितीही घाई असली, तरी कापड धुऊन, वाळवून आणि इस्त्री करून घेतल्याशिवाय त्यावर खडू टेकवायचा नाही, हा नियम आम्ही मोडत नाही.

कामाची खरी दिशा मात्र कपड्याच्या उलट्या बाजूने दाखवली. एका ग्राहक ताईंनी त्यांच्या मुलाच्या काखेतली लाल रेघ मला दाखवली. आमच्या सदऱ्याची बाहेरची बाजू निर्दोष होती, पण आत मुंढ्याच्या शिवणीची कड आणि तिच्यावरचा जाड धागा दिवसभर त्या कोवळ्या कातडीला घासत राहिला होता. मूल बोलत नाही, ते फक्त किरकिरते, आणि त्यामागे कपडा असेल अशी शंका सहसा कोणाला येत नाही. त्यानंतर आम्ही पातळ सुती कापडासाठी फ्रेंच शिवण स्वीकारली. तिच्यात आधी सुलट बाजूने टीप मारून माया, म्हणजे टिपेबाहेरचे जादा कापड, बारीक कापतात, मग कापड उलटवून दुसरी टीप अशी घालतात की सगळे सुटे धागे आत बंद होतात. या शिवणीला दुप्पट वेळ लागतो, आणि तो वेळ योग्य ठिकाणी जातो असे माझे ठाम मत आहे. होजिअरीच्या ताणल्या जाणाऱ्या कापडाला हीच शिवण जाड होते, म्हणून तिथे गोल टोकाची सुई आणि चपटी शिवण वापरावी लागते. टोकदार सुई त्या कापडातले फासे तोडते आणि काही धुण्यांतच तिथे भोके दिसू लागतात.

टोपीला किंवा गळ्याशी नाडी आम्ही लावत नाही, आणि त्यामुळे काही मागण्या हातच्या गेल्या हे खरे आहे. झुल्यात किंवा घसरगुंडीत अशी नाडी अडकून मुलांचे जीव गेल्यामुळे अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने १९९६ मध्ये याविषयी सूचना काढल्या होत्या, आणि हे एकदा कळल्यावर नाडी ओवायला आमचा हात धजत नाही. टिचबटणांचेही तसेच आहे: पातळ कापडावर ते वारंवार ओढले की कापड फाटते, बटण मुलाच्या हातात येते आणि हातातून तोंडात जाते, म्हणून प्रत्येक बटणामागे आम्ही कापडाचा दुहेरी तुकडा घालतो.

पहिल्या वर्षात बाळाची लांबी साधारण ५० सेंटिमीटरवरून ७५ पर्यंत जाते, म्हणजे कपडा फाटण्याआधी आखूड होतो. म्हणून फ्रॉकच्या खालच्या घेराला आम्ही पाच सेंटिमीटरची दुमड ठेवतो, खांद्याच्या पट्ट्यांना दोन जादा काजे करतो, आणि दुमड कशी उसवायची ते कपडा देतानाच आईवडिलांना दाखवतो.

नव्याने कामाला येणाऱ्या ताईंच्या हाती आम्ही पहिल्या दिवशी यंत्र देत नाही. तयार झालेला प्रत्येक कपडा उलटा करून, त्याची शिवण मनगटाच्या आतल्या बाजूवरून हळूहळू फिरवून पाहायची, आणि जिथे टोचेल तिथे टाचणी लावून तो परत माझ्या टेबलावर ठेवायचा, एवढेच त्यांचे पहिल्या आठवड्याचे काम असते.