हळदीकुंकवात सापडलेली पर्स

संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत आमच्या पर्स-दुरुस्तीच्या दुकानात हळदीच्या डागाची कामं येतातच. सांगलीत त्याचं नवल नाही. बहुतेक वेळा पर्स रेक्झिनची असते आणि ओल्या फडक्यावर काम भागतं. यंदा विश्रामबागेतल्या एका काकूंनी आणलेली पर्स मात्र अस्सल चामड्याची होती. टॅन रंग, आत अस्तर नाही, झाकणाला पितळी फिरकीचं लॉक. झाकणाच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या शिवणीपर्यंत चार बोटं रुंदीचा विटकरी लाल पट्टा उमटलेला.

"हळदीची पुडी फुटली होती आत," काकू म्हणाल्या. "पण हे लाल कशानं झालं कळंना. सून म्हणते चामड्याचा रंग सुटला. मला वाटतंय कुंकवाची पुडीपण फुटली असणार."

"धुतली होती का?"

"मग? कपड्याच्या वडीनं चांगली घासली की. तशीच ठेवायची का हळद?"

इथेच उत्तर मिळालं. हळदीला चुना लागला की ती लाल होते. जुन्या पद्धतीचं कुंकू असंच करायचे. हळदीतलं कर्क्युमिन आम्लात पिवळं राहतं आणि अल्कलीत, म्हणजे सामू (pH, आम्ल-अल्कलीचं माप) साधारण आठच्या वर गेला की, तांबडं होतं. कपड्याच्या वडीचं पाणी दहाच्या आसपास असतं. खात्रीसाठी कापसाच्या काडीवर पातळ व्हिनेगर घेऊन डागाच्या टोकाला टेकवलं. दोन सेकंदांत तेवढा ठिपका पिवळा झाला. आज बाजारात मिळणारं बरंचसं कुंकू रासायनिक रंगाचं असतं, ते व्हिनेगरने पिवळं होत नाही. म्हणजे बहुधा कुंकू सांडलेलं नव्हतं आणि चामड्याचा रंगही सुटलेला नव्हता. साबण अजून चामड्यात बसून होता, हे मात्र कळलं, आणि हळदीपेक्षा तेच जास्त वाईट.

चामडं स्वभावानं आम्लधर्मी असतं. कमावताना त्याचा सामू साडेतीन ते पाचच्या दरम्यान आणून ठेवलेला असतो. अल्कली गेली की तंतू फुगतात, कमावताना घातलेलं तेल साबणाबरोबर निघून जातं, आणि वाळल्यावर चामडं पापडासारखं कडक होतं. तेव्हा दुमडलं की वरच्या थराला बारीक चिरा पडतात. त्या चिरा परत मिटत नाहीत. डाग काढता येतो, चीर नाही. म्हणून काकूंना पहिली गोष्ट सांगितली ती ही, की आता झाकण उघडझाप करून दाखवू नका.

पर्स कोणती, कशाची, हे आधी पाहावं लागतं, कारण पाण्यात घालायची की नाही ते त्यावर ठरतं. आत चामड्याचाच एक तुकडा शिवलेला होता, त्यावर कोच कंपनीचा मजकूर आणि नंबर ठोकलेला. काकूंच्या नणंदेनं ती ८६-८७ साली अमेरिकेतून आणली होती. नंबरात नुसते आकडे होते. १९९४ पासून या नंबरांत महिना आणि कारखाना सांगणारी अक्षरं येऊ लागली, तेव्हा काळ जुळत होता. ही कंपनी १९४१ साली न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या एका माडीवर सुरू झाली. बेसबॉलचा हातमोजा जसा वापरून वापरून मऊ होतो तसं चामडं पर्सला वापरावं, ही तिथली कल्पना. १९६२ मध्ये बॉनी कॅशिन डिझायनर म्हणून आल्या आणि त्यांनी ते पितळी फिरकीचं लॉक आणलं. टपाच्या मोटारीचं कापडी छत अडकवायच्या खिट्टीवरून ते त्यांना सुचलं. आमच्या कामाच्या दृष्टीनं महत्त्वाचं एवढंच, की हे चामडं जाड आहे, आरपार रंगवलेलं आहे आणि वर रंगाचा किंवा प्लास्टिकचा थर नाही. थेंब टाकला तर दहा सेकंदांत आत जातो. अशी पर्स पूर्ण पाण्यात बुडवता येते. कोल्हापुरीसारखं हिरडा-बाभळीवर कमावलेलं चामडं असतं तर मी हे धाडस केलं नसतं, ते पाण्यात काळवंडतं आणि आखडतं. आत पुठ्ठा घातलेली पर्सही बुडवायची नाही, पुठ्ठा फुगतो आणि आकार कायमचा जातो.

बुडवायची तर पूर्ण बुडवायची. डागापुरतं ओलं केलं की ओल्याच्या कडेला सगळा मळ येऊन थांबतो आणि तिथे काळी रेघ उठते. मूळ डागापेक्षा ती रेघ काढणं अवघड.

त्याआधी कोरडं काम. शिवणीत, तळाच्या कोपऱ्यांत हळदीची पूड अजून होती. पर्स उलटी धरून बाहेरून बोटानं टिचक्या मारल्या, मग व्हॅक्यूमच्या तोंडाला जुना नायलॉनचा मोजा बांधून पूड ओढून घेतली. ब्रशनं घासायचं नाही, पूड चामड्याच्या खरबरीत बाजूत आणखी रुतते. फिरकीच्या मुळाशी हिरवा मेणासारखा थर साचला होता. पितळेतलं तांबं आणि चामड्यातलं तेल यांचा तो संयोग. तो लाकडी काडीनं कोरून काढला, कारण ओला झाला तर आजूबाजूचं चामडं हिरवट करतो.

टबात आठ-दहा लिटर आरओचं पाणी, कोमट म्हणजे हाताला जाणवेल न जाणवेल इतकंच. इथल्या बोअरचं पाणी या कामाला चालत नाही, त्यातला चुना साबणाशी मिळून पांढरी राख धरतो. पहिलं पाणी साधं, दहा मिनिटं, पर्स हलक्या हातानं वरखाली करत. पाणी चहासारखं तपकिरी झालं, त्यात थोडा फेससुद्धा आला. म्हणजे वडी चांगलीच जिरली होती. दोनदा पाणी बदललं. मग व्हिनेगरचं पाणी: लिटरला चहाचे दोन चमचे, सामूची पट्टी (रंग बदलून सामू सांगणारा कागद) साडेतीनच्या आसपास दाखवते. जास्त टाकून लवकर काम होत नाही, उलट जास्तीचं आम्ल आत राहिलं तर पुढे तंतूच कुजतात. लिंबू पिळणारे पुष्कळ भेटतात. लिंबाच्या रसाचं आम्ल कडक, शिवाय त्यातली साखर आणि गर चामड्यात राहून चिकट होतात, मुंग्यासुद्धा येतात.

लाल पट्टा डोळ्यांदेखत पिवळा झाला. दुकानातला पोरगा म्हणाला, "झालं की दादा, आता वाळवूया." वाळवायला ठेवली, आत पांढरे टॉवेल भरून, पंख्याखाली, सावलीत. वर्तमानपत्र भरायचं नाही, शाई उठते.

दुसऱ्या दिवशी शिवणीच्या कडेनं लाल रेघ परत आली. पट्ट्याचा मधला भाग पिवळाच होता, फक्त शिवण आणि झाकणाची दुमडलेली कड लाल. हे या कामातलं सगळ्यात शिकण्यासारखं. चामडं वाळताना आतलं पाणी पृष्ठभागाकडे आणि कडांकडे सरकतं, तिथून उडून जातं, आणि सोबत आणलेला क्षार तिथेच ठेवून जातं. दुमडलेल्या कडेत दोन थरांच्या मध्ये साबण दबलेला होता, तो आता बाहेर येत होता. हळद नसती तर हा साबण दिसलाच नसता. पर्स स्वच्छ दिसली असती, मी तेल लावून परत दिली असती आणि वर्षभरात कड चिरली असती. हळदीच्या डागानं सामूच्या पट्टीचं काम केलं.

क्षार बाहेर येणारच, तर तो चामड्यावर न थांबता कागदावर यावा अशी सोय करायची. पांढरा, बिनवासाचा टिश्यू व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून, पिळून त्याचा लगदा केला आणि शिवणीवर बोटभर जाडीनं थापला. वाळताना पाणी लगद्यातून उडतं आणि क्षार लगद्यातच अडकतो. वाळलेला लगदा सोलला की त्याला पिवळट-तांबूस छटा दिसते. ती दिसेनाशी होईपर्यंत लगदा बदलत राहायचं. मग साध्या आरओ पाण्याचा लगदा एकदा, आम्ल राहू नये म्हणून. शेवटी खरबरीत बाजूवर पाण्याचा थेंब ठेवून मिनिटभरानं पट्टी दाबली, साडेचारच्या जवळपास रंग आला. आता पर्स चामडं म्हणून ठीक होती. पिवळी होती, एवढंच.

पिवळा काढायला लोक सॅनिटायझर लावतात. अल्कोहोलमध्ये कर्क्युमिन विरघळतं हे खरं, पण अशा चामड्याचा स्वतःचा रंगही विरघळतो, आणि पिवळ्या डागाच्या जागी फिकट गोल चट्टा पडतो. ब्लीचचं तर नावच नको, ते चामड्याचे तंतूच खातं. हळद ज्याला घाबरते ते ऊन. वाळवणाच्या दिवसांत मार्केट यार्डात ज्यांनी हळद पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको. मात्र ऊन हळदीइतकंच चामड्यालाही लागतं, म्हणून काळा जाड कागद घेऊन डागाच्या आकाराची खिडकी कापली आणि बाकी सगळी पर्स झाकली. खिडकी डागापेक्षा किंचित लहान कापायची, नाहीतर कडेला फिकट चौकट उठते. सकाळचं ऊन, काचेआडून, एका वेळी पंधरा-वीस मिनिटं. काचेआडूनही चालतं, कारण कर्क्युमिन निळ्या दिसणाऱ्या प्रकाशातही उडतं. हात लावून पाहायचं, चामडं गरम लागलं की उचलायची.

इथे एक पेच होता. धुतलेल्या चामड्याला तेल लावायची उत्तम वेळ म्हणजे ते थोडं ओलसर असताना. पाणी जाईल तसं तेल त्याची जागा घेतं, समान पसरतं. पण हळद तेलात विरघळते. फोडणीत जे होतं तेच इथे. डाग असताना तेल लावलं की तो पातळ होऊन वीतभर पसरतो आणि खोल जातो. म्हणून तेल थांबवलं. पर्स पूर्ण वाळू दिली, ती कडक झाली, तशीच आकार धरून ठेवली, कुणालाही हात लावू दिला नाही. पिवळा उतरल्यावर स्पंजनं पुन्हा सगळीकडून सारखी दमट केली आणि मग लॅनोलिनचं, म्हणजे मेंढीच्या लोकरीतल्या मेणाचं, क्रीम. एवढ्या पर्सला एकूण पंधरा ते वीस मिली पुरतं, तेही तीन पातळ हातांत, प्रत्येक हातामध्ये एक रात्र. जास्त लावलं तर चामडं काळपट, लोळागोळा होतं आणि पावसाळ्यात बुरशीला जेवण मिळतं. घरचं खोबरेल लावू नये. थंडीत ते आतल्या आत थिजून वर पांढरी साय आणतं, आणि जानेवारीत बाटलीत काय होतं ते सगळे बघतातच. चामड्यासाठी सॅडल सोप म्हणून जे मिळतं तोही शेवटी साबणच, या पर्सला तो नको होता.

झाकणाखालची तीन इंच शिवण उसवली होती. ती मशिनवर घालायची नाही. मशिनची सुई जुन्या भोकाशेजारी नवं भोक पाडते आणि चामडं टपालाच्या तिकिटासारखं फाटायला तयार होतं. मेण लावलेला नायलॉनचा दोरा, दोन टोकांना दोन बोथट सुया, जुन्याच भोकांतून समोरासमोर. ओढ एकसारखी ठेवायची. दोरा चामड्यात रुतला की कड लाटेसारखी दिसते.

डागाची जागा उन्हानं किंचित उजळली होती. तिथे पाण्यात विरघळणारा रंग अगदी पातळ करून कापसानं दोन हात दिले. वरून रंगाचा थर फवारला असता तर एका दिवसात नवीकोरी दिसली असती. पण मग ते चामडं राहत नाही, रेक्झिनच होतं. आतल्या तळाला ऊन पोचत नाही, तिथला पिवळेपणा तसाच ठेवला.

काकू घ्यायला आल्या तेव्हा आत डोकावून म्हणाल्या, "हे राहिलं की वो."

"ते राहू दे. फिकट रुमाल आत ठेवू नका आणि परत साबण लावू नका. लावला तर पुन्हा लाल होईल."

"आणि ठेवायची कशी? कपाटात हुकाला अडकवत होते मी."

पट्ट्यावर टांगली की पट्टा ताणतो आणि त्याची भोकं लांबट होतात. आडवी ठेवायची, आत जुनी सुती साडी भरून, वरून सुती पिशवी, प्लास्टिक नाही. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा बाहेर काढून पंख्याखाली तासभर. सांगलीच्या पावसाळ्यात बंद कपाटात बुरशी आठवड्यात धरते. पांढरी बुरशी दिसली तर घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्यानं पुसायची, घरात झटकायची नाही.

त्यांनी पिशवीतून दुसरी एक काळी पर्स काढली. वरचा थर पापुद्रे होऊन सुटत होता, हाताला काळी भुकटी लागत होती. "हिला पण तसंच करा की, ही तर निम्म्या वयाची आहे."

ही कापडावर पॉलियुरेथेनचा थर दिलेली. हवेतल्या ओलीनं त्या थराची साखळी आतूनच तुटत जाते, वापरली तरी आणि कपाटात ठेवली तरी. क्रीम पितच नाही, रंग लावला तर रंगासकट सोलून येते. तिचं लॉक आणि कड्या तेवढ्या काढून दिल्या, दुसऱ्या पर्सला उपयोगी पडतील म्हणून.