गोदेचा पूर, वाड्याचा जिना आणि बॉनमचा ड्रम

१५ ऑगस्ट ही तारीख रॉक संगीताच्या इतिहासात दोनदा येते. १९६५ साली या दिवशी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स ५५ हजारांहून जास्त लोकांसमोर उभे राहिले. १९६९ साली याच दिवशी न्यूयॉर्क राज्यातल्या बेथेलजवळ, मॅक्स यासगर नावाच्या दूधवाल्या शेतकऱ्याच्या रानात वुडस्टॉक हा संगीतमहोत्सव सुरू झाला. यंदा स्वातंत्र्यदिनाला जोडून सुट्टी मिळाली आणि मी मैत्रिणीच्या माहेरी, जुन्या नाशकात राहायला निघाले. तिचा भाचा ढोल पथकात ताशा वाजवतो आणि गणपतीआधीचा सराव जोरात सुरू होता. मला तो ऐकायचा होता.

सकाळची तपोवन पकडली. कसाऱ्यानंतर घाट सुरू झाला, दोन्ही बाजूंना धबधबे, ढग थेट खिडकीत. या घाटात मी दरवेळी एक गोष्ट करते, बोगदा आला की डोळे मिटून नुसतं ऐकते. उघड्यावर चाकांचा आवाज दरीत विरून जातो. बोगद्यात शिरताच तोच आवाज भिंतींवर आपटून अंगावर येतो, जाड होतो, छातीत जाणवतो. चाकं तीच, रूळ तेच, बदलते ती फक्त जागा.

रॉक संगीताचा इतिहास मी असाच जागांमधून वाचते. कुणी कुठलं गाणं कधी केलं याच्या याद्या पुष्कळ आहेत. पण ते गाणं कुठल्या खोलीत, कुठल्या छपराखाली वाजलं, हे कळलं की ते वेगळंच ऐकू येतं. १९५४च्या जुलैत मेम्फिसच्या सन स्टुडिओत एल्विस प्रेस्ली पहिल्यांदा नीट सापडला. ती खोली लहानशी होती. स्टुडिओचा मालक सॅम फिलिप्स याने मग टेपयंत्रांच्या जोडणीतून आवाजाच्या पाठोपाठ त्याचीच झटपट सावली काढली. तो 'मागून येणारा' आवाज पुढे रॉक अँड रोलची ओळख बनला.

नाशिकरोडला उतरून गावात पोचेपर्यंत पावसाने झोडपलं होतं. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी सगळ्यांच्या तोंडी. घरी बॅगा टाकल्या, गरम मिसळ, पापड, दही असं पोटात गेलं आणि आम्ही रामकुंडाकडे चालत निघालो. नाशिककरांना पुराचं माप विचाराल तर ते क्युसेकचा आकडा नंतर सांगतात, आधी दुतोंड्या मारुती सांगतात. नदीच्या पात्रात उभी असलेली ही दोन तोंडांची भव्य मूर्ती. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, यावरून खालच्या पेठेतले दुकानदार माल कधी हलवायचा ते ठरवतात. आम्ही गेलो तेव्हा पाणी मारुतीच्या गुडघ्यांच्या वर चढलं होतं. गढूळ, तांबूस, मध्येच एखादं ओंडकं फिरवत नेणारं पाणी. पुलावर माणसांची ही गर्दी, आणि सगळे मारुतीकडे बघत उभे.

तिथे उभं राहून मला एकच गाणं आठवत होतं. १९२७ साली मिसिसिपी नदीला प्रचंड पूर आला, बांध फुटले, लाखो लोक उघड्यावर पडले. त्या पुरावर कॅन्सस जो मॅककॉय आणि मेम्फिस मिनी या जोडप्याने १९२९ साली एक ब्लूज गाणं ध्वनिमुद्रित केलं, 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स', म्हणजे 'बांध फुटतो तेव्हा'. दोन गिटार आणि एक आवाज, एवढंच. चार दशकांनी लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडने ते उचललं आणि १९७१च्या त्यांच्या चौथ्या अल्बमच्या शेवटी ठेवलं. त्यांच्या रूपात पहिल्यांदा ऐकू येतो तो त्यांच्या ड्रमरचा, जॉन बॉनमचा ड्रम. नदी चढत येतेय आणि थांबवता येत नाही, हे शब्द सुरू होण्याआधीच त्या ठेक्यात कळतं. गोदेच्या काठावर मला ते नव्याने पटलं. पूर घाई करत नाही. पाणी संथ आणि जड असतं, म्हणूनच त्याची भीती वाटते. बॉनमचा ठेकाही तसाच संथ आहे.

परतताना पंचवटीतून आलो. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी आयुष्याच्या उत्तरार्धात इथे रामनाम आधार आश्रम काढला होता. ज्या माणसाने १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडलं, दरबारातलं गाणं सामान्य माणसासाठी बाहेर आणलं, तो शेवटी याच नदीकाठी रामधून गात बसला. गाण्याची जागा बदलली की गाणारा बदलतो, ऐकणाराही बदलतो. मेम्फिसला जे घडलं ते समजायला मला पलुस्करांची फार मदत होते.

आता वाड्याविषयी, कारण खरी मजा तिथे झाली.

मैत्रिणीच्या माहेरचा वाडा जुना आहे. दिंडी दरवाजा, चौक, चौकाभोवती पडवी, आणि कोपऱ्यातून वर जाणारा अरुंद लाकडी जिना. पायऱ्या इतक्या उंच की दोर धरूनच चढायचं. रात्री जेवणं झाल्यावर मी भाच्याला बॉनमच्या ड्रमची गोष्ट सांगितली. इंग्लंडात हॅम्पशायर परगण्यात हेडली ग्रेंज नावाचं जुनं घर आहे, १७९५ साली निराधार लोकांसाठी बांधलेलं. लेड झेपलिन तिथे राहायला गेले आणि रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ, म्हणजे यंत्रांनी भरलेली गाडी, दारात उभी केली. ड्रम ठेवला तळमजल्याच्या उंच दालनात, जिन्याच्या पायथ्याशी. ध्वनिमुद्रण करणाऱ्या अँडी जॉन्सने माइक ड्रमला चिकटवले नाहीत. दोनच माइक घेतले आणि वरच्या जिन्यावरून खाली लोंबते सोडले. त्यामुळे टेपवर फक्त ड्रम आला नाही, ड्रमला उत्तर देणारं घरही आलं.

"मावशी, आपण करून बघू ना," भाचा म्हणाला. त्याची आत्या म्हणाली, "आधी शेजारच्या आजोबांना सांगून ये, ते झोपले असतील." आजोबा झोपले नव्हते, उलट तेच काठी टेकत चौकात येऊन बसले.

ताशा जिन्याच्या पायथ्याशी ठेवला. तांब्याचं भांडं, वर ताणलेलं पान, हातात दोन बारीक काड्या. आम्ही तीन मोबाइल तीन ठिकाणी ठेवले. एक ताशाच्या अगदी जवळ, एक जिन्याच्या मध्यावर, एक माळवदाच्या दाराशी. ही कल्पना मी इंग्लिश गायक डेव्हिड बोवीच्या 'हीरोज' या गाण्यावरून घेतली. १९७७ साली बर्लिनच्या भिंतीजवळच्या हान्सा स्टुडिओच्या मोठ्या दालनात निर्माता टोनी व्हिस्कोंटीने बोवीच्या आवाजासाठी तीन माइक लावले होते. पहिला तोंडापासून सुमारे ९ इंचांवर, दुसरा २० फुटांवर, तिसरा ५० फुटांवर. लांबचे दोन माइक बंद असायचे, आवाज चढला की आपोआप उघडायचे. म्हणून त्या गाण्यात तो शेवटाकडे ओरडतो तेव्हा अख्खं दालन त्याच्याबरोबर ओरडल्यासारखं वाटतं.

भाच्याने आधी कडकडीत तर्री, म्हणजे काड्यांची सलग जलद बरसात, काढली, मग मी सांगितल्यावर संथ, मधे जागा सोडून. तिन्ही रेकॉर्डिंग लागोपाठ ऐकली. जवळच्या मोबाइलवर नुसता कडकडाट, कानात टोचणारा. जिन्याच्या मधल्या मोबाइलवर ताशा एकदम वयाने मोठा झाला, धार गेली, खालचा घुमारा वर आला, पायऱ्यांचं लाकूड हलकंसं थरथरलेलंही ऐकू आलं. माळवदाच्या दाराशी मात्र हेडली ग्रेंजसारखी लांब घुमणारी शेपूट मिळाली नाही. मिळणारही नाही. वाड्याच्या भिंती मातीच्या, शेणाने सारवलेल्या, वर लाकडी तक्तपोशी, मधे उघडा चौक. हे घर आवाज पिऊन टाकतं. आवाज उबदार होतो पण फार टिकत नाही. हे ऐकताना आजोबा म्हणाले, की पूर्वी वाड्यात कीर्तन असलं की बुवा नेहमी त्याच एका खांबापाशी उभे राहायचे, तिथून शब्द स्पष्ट जायचे. अँडी जॉन्सने केलं ते हेच, कान लावून जागा शोधली.

दगडाचा आवाज ऐकायला दुसऱ्या दिवशी पांडवलेणी चढलो. त्रिरश्मी डोंगरात कोरलेली ही बौद्ध लेणी, दोन हजार वर्षांपूर्वीची. पावसाने पायऱ्यांवर शेवाळ, दरीत ढग. गर्दीचा गट पुढे गेल्यावर १८ क्रमांकाच्या चैत्यगृहात आम्ही तिघंच उरलो. एक टाळी वाजवली. ती खांबांच्या रांगांमधून स्तूपापर्यंत जाऊन गोलाकार छतावरून खाली आली, अजून ऐकू येतेय असं वाटेपर्यंत टिकली. इथे तर्री वाजवली तर नुसता गलका होईल, ठोक्यावर ठोका चढेल. इथे एकच स्वर हवा, लांब ओढलेला. भिक्षूंच्या पठणाला ही जागा किती साजत असेल.

सरावाचं मैदान गंगापूर रोडच्या बाजूला. संध्याकाळी पाऊस उघडला होता, चिखल घोट्यापर्यंत. ढोलांच्या दोऱ्या आवळणं चाललेलं, पानावर बोटाने टकटक करून ताण बघणं, कमरेला पट्टे बांधणं. पोरी निम्म्याहून जास्त. नाशिक ढोल आज केरळपर्यंत वरातींमध्ये वाजतो, तो हाच. पहिला ठोका पडला आणि पोटात हलल्यासारखं झालं.

उघड्या मैदानात भिंत नाही, म्हणजे मदतीला कुणीच नाही. शे स्टेडियममध्ये बीटल्सचं नेमकं हेच झालं. गिटारसाठी १०० वॅटचे अँप्लिफायर होते आणि गाणं मैदानाच्या घोषणांच्या कर्ण्यांतून जात होतं. किंचाळणाऱ्या पोरींपुढे त्याचा काय निभाव लागणार? ड्रमवरच्या रिंगो स्टारला स्वतःच्या सोबत्यांचं वाजवणं ऐकू येत नव्हतं, तो त्यांच्या हालचाली बघून ठेका धरायचा. पुढच्याच वर्षी, २९ ऑगस्ट १९६६ला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कनंतर त्यांनी दौरे सोडले आणि ते स्टुडिओत शिरले. त्यांची स्टुडिओतली थोर कामगिरी मैदानांनी केलेल्या या निराशेतून आली, असं माझं ठाम मत आहे.

वुडस्टॉकपर्यंत लोक शहाणे झाले होते. ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या बिल हॅनलीने मनोऱ्यांवर स्पीकर चढवले आणि चारेक लाख माणसांच्या समुद्राला गाणं ऐकू गेलं. त्या पहिल्याच रात्री पंडित रविशंकर पावसात वाजवायला बसले. तबल्यावर उस्ताद अल्लारखा आणि तंबोऱ्यावर माया कुलकर्णी. वुडस्टॉकच्या मंचावर एक कुलकर्णी तंबोरा छेडत होती, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे? पंडितजींना तो चिखल आणि ते वातावरण रुचलं नाही. चिखलात बसलेल्या म्हशी आठवल्या, असं ते पुढे म्हणाले. सतार हे बारकाव्यांचं वाद्य. त्याला ते रान मानवलं नाही, यात मला नवल वाटत नाही.

पथकाच्या प्रमुखाची अडचण वेगळी होती. पथक गोलात उभं असलं की सगळं जुळतं, रांग लांबली की मागचे मागे पडतात. हे पोरांच्या आळसामुळे होत नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ५० मीटरच्या रांगेत पुढचा ठोका मागे पोचायला सेकंदाचा सातवा भाग जातो, आणि द्रुत लयीत तेवढा फरक पुरतो. १९७३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेनच्या रॉक जलशात सहा लाख लोक जमले, तेव्हा मागच्या मनोऱ्यांवरचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडला होता, मंचावरून येणाऱ्या आवाजाशी जुळावा म्हणून. प्रमुखाने हे शांतपणे ऐकून घेतलं आणि ताशे पुढून काढून रांगेच्या मधोमध आणले. पुढच्या फेरीत शेपूट बऱ्यापैकी सावरलं.

निघायच्या दिवशी द्राक्षबागांकडे चक्कर मारली. वेली हिरव्यागार, घड नाहीत, आता चिंता डावणी रोगाची आणि फवारणीची. सुला वाइनयार्डचं खुलं नाट्यगृह तिथल्याच उतारावर आहे, २००८पासून तिथे सुलाफेस्ट होत आलाय. हिवाळ्यात तिथे पाऊल ठेवायला जागा नसते, पण मला रिकाम्या पायऱ्याच बघायच्या होत्या. १९७१च्या ऑक्टोबरात पिंक फ्लॉइड हा इंग्लिश बँड इटलीतल्या पाँपेईच्या प्राचीन नाट्यगृहात प्रेक्षकांविना वाजला होता. वीज पुरेना म्हणून नगरपालिकेच्या इमारतीपासून गावातून लांबच लांब केबल ओढली होती.

संध्याकाळी स्टेशनवर सोडायला भाचा आला. त्याच्या वहीत विसर्जन मिरवणुकीचा मार्ग काढलेला होता, वाकडी बारवपासून पंचवटीपर्यंत. मेन रोडवर दोन्हीकडे उंच इमारती आणि रस्ता चिंचोळा, तिथे त्याने संथ ठेका लिहिला होता, प्रत्येक ठोक्यानंतर जागा सोडून. अशोकस्तंभापाशी मोकळं होतं, तिथे तर्री आणि द्रुत. पथकाला हे पटवायला त्याच्याकडे गणपतीपर्यंतचे दिवस होते, आणि जिन्यावरचं रेकॉर्डिंग त्याने आधीच सगळ्यांना पाठवून दिलं होतं.